खुंटीवरचे साहेब

खुंटी रिकामी होती. तिचा हात सवयीने दारामागे गेला आणि नुसत्या लोखंडाला लागून परत आला, तरी तिला पटेना. दार पुढे ओढून तिने मागे डोकावून पाहिलं. भिंतीवर कापड घासून घासून पडलेला काळसर डाग तेवढा होता, माणसाच्या खांद्यांएवढा रुंद. साहेबांचा पत्ता नव्हता. "साहेब कालच गेले गं, बांबूबरोबर," अकाउंटवाल्या बाई मागून म्हणाल्या. "तुला कोणी सांगितलं नाही?" तिने दार पुन्हा मागे ढकललं.

साहेब म्हणजे कोट. काळा, एकाच रांगेत बटणं असलेला, मालकांच्या लग्नातला. लग्नानंतर मालकांचं पोट सुटलं, कोट कपाटात पडून कसर लागायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तो कचेरीत आणून टांगला आणि तेव्हापासून तो सगळ्यांचा झाला. गाद्यांच्या दुकानावरच्या या मजल्यावर कामाला येताना कोणी कपड्यांचा विचार करत नसे. मालक स्वतः अर्धी पँट आणि कोपरावर विरलेलं हिरवं स्वेटर घालून येत. बांबूला हे नाव उंचीमुळे पडलेलं. चपला काढून एक पाय शेजारच्या खुर्चीवर टाकल्याशिवाय त्याच्याने सरळ रेघ ओढवत नसे. मोठमोठ्या इमारतींत माणसांना वाट सापडावी म्हणून ज्या पाट्या लावतात, त्या आखून देण्याचं हे काम, आणि ते फरशीवर बसून, पालथं पडून, गुडघ्याला रंग लावून घेतच होत असे. पण काम देणारी मंडळी गालिच्यावर बसतात. त्यांच्याकडे जायचं म्हणजे साहेबांना अंगावर घ्यायचं. "आज साहेब कोणाबरोबर?" हे कचेरीतलं सकाळचं पहिलं वाक्य. बांबूच्या अंगावर साहेबांच्या बाह्या मनगटाआधीच दमत, तिच्या अंगावर त्या बोटांपर्यंत येत. प्रत्येक मीटिंगआधी ती आतून कच्चा टाका घालून बाह्या वर घेई आणि परत आल्यावर उसवून टाके, कारण उद्या साहेब दुसऱ्याचे. आणि एक अलिखित नियम होता: ज्याच्या हातून काम निसटेल त्याने साहेबांना लाँड्रीत न्यायचं. त्यामुळे कोटाला लाँड्रीचा वास आला की ओळखावं, कोणाचा तरी पोपट झालाय. अलीकडे साहेब जरा जास्तच स्वच्छ राहू लागले होते.

आणि आज इस्पितळाच्या विश्वस्तांपुढे शेवटची बैठक होती. जुनी इमारत आणि नवी इमारत एकमेकींना जोडून केलेलं ते अवाढव्य इस्पितळ. त्याच्या सगळ्या पाट्या तिने आखल्या होत्या, अक्षर न् अक्षर, बाण न् बाण. बाणांवर तिचा एवढा जीव की कचेरीत तिला बाणताई म्हणत, आणि हाक मारणारा हसला तरी ती 'ओ' देई. तिच्या साध्या, पांढऱ्यावर काळ्या पाट्या घ्यायच्या, की दुसऱ्या एका कंपनीच्या चकचकीत पोलादावरच्या सोनेरी अक्षरांच्या, हे विश्वस्त आज ठरवणार होते. शिवाय आज पहिल्यांदाच ती एकटी जाणार होती. आजवर मालक बोलत आणि ती शेजारी बसून नकाशे उलगडत असे. समोरचे लोक प्रश्न तिच्या बाणांबद्दल विचारत आणि बघत मालकांकडे. या खेपेला तिनेच सांगितलं होतं, "मी बोलते." एवढंसं वाक्य, पण ते म्हणायला किती धीर गोळा करावा लागला होता ते तिचं तिलाच माहीत.

मालक चहाचा कप घेऊन आले. खुंटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खडूच्या निळ्या रंगाचा सैल सदरा, डाव्या कोपरावर वाळलेल्या पांढऱ्या रंगाचा ठिपका, गुडघ्याशी खिसे असलेली राखी पँट, कॅनव्हासचे बूट. "बांबूला एकदम बाहेरगावी जावं लागलं," ते ओशाळून म्हणाले. "मला वाटलं तो तुला सांगेल. त्याला वाटलं असेल मी सांगेन." मग जरा थांबून, "असं कर. आपण बैठक पुढे ढकलू. नाहीतर मी येतो. घरी जाऊन कपडे बदलतो, मी बोलतो, तू बस शेजारी." ते अगदी मायेने म्हणाले, आणि तेच वाईट होतं. कोणी हिडीसफिडीस केलं असतं तर तिला भांडता आलं असतं. मायेपुढे माणूस लगेच शेजारच्या खुर्चीत जाऊन बसतो. "नको," ती म्हणाली, "मी जाते." "अशी?" "अशी." बोलून गेली खरी, पण अशी म्हणजे कशी, हे तिला त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कान तापले होते. सकाळी निघताना आई दारात उभी राहून म्हणाली होती, "हा सदरा घालून मीटिंगला?" तेव्हा ती केवढ्या तोऱ्यात म्हणाली होती, "तिथे साहेब आहेत ना." आईला साहेबांची सगळी हकीकत ठाऊक. ती म्हणाली, "मग ठीक. पण साहेबांचा भरवसा नसतो हं."

अकाउंटवाल्या बाईंनी आपलं काळं जाकीट काढून दिलं. कचेरीतल्या एसीपायी त्या ते वर्षभर अंगावर ठेवत. "घे, घालून बघ. काळं आहे, काळ्यात सगळं खपतं." ती ते घेऊन मोरीच्या आरशापुढे गेली. खांद्यांत जाकीट इतकं आवळलं की तिला हात पुढे घेता येईना. नकाशा उलगडायला गेले तर पाठीवर उसवेल, हे तिने मनातल्या मनात करूनही पाहिलं. आरसा लहान, त्यात एका वेळी एवढंच दिसे: मान, गळ्याचं काळं कापड आणि वर स्वतःचा चेहरा, आपल्याच घरात पाहुणा आल्यासारखा. जाकिटाला बाईंच्या पावडरीचा वास येत होता. साहेबांना कसलाच वास नसे, किंवा सगळ्यांचाच मिळून असे. पहिल्यांदा साहेब अंगावर घेतले त्या दिवशी रस्त्याने चालताना तिला दुकानांच्या काचांत स्वतःला बघावंसं वाटलं होतं, आणि तिने पाहिलंही होतं, चोरून, प्रत्येक काचेत. काय ऐट होती! एका दुकानदाराने तर "या मॅडम" म्हणून दार उघडून धरलं. तिला काही घ्यायचं नव्हतं, तरी ती आत जाऊन आली. त्या ऐटीची तिला कधी लाज वाटली नाही, आजही वाटत नव्हती. चांगलं कापड अंगावर पडलं की पाठ आपोआप ताठ होते, यात खोटं काय आहे? पण ती ताठ पाठ संध्याकाळी खुंटीला टांगून घरी यावं लागे, हे मात्र हल्ली टोचायला लागलं होतं.

आईचंही असंच. आई एका मोठ्या कापडाच्या दुकानात पडद्यांच्या विभागात होती. लोक तिला पडदेवालीच म्हणत. दुकानाचे कपडे दुकानातच राहत: गडद तपकिरी, गळ्यापर्यंत बंद, आणि टाचांचे बूट, जे ती मागच्या खोलीत घाली आणि मागच्या खोलीतच काढी. लहानपणी शाळेला सुट्टी असली की ती आईला बघायला दुकानात जाई. पहिल्यांदा गेली तेव्हा आईने तिला ओळखच दिली नाही. वर सज्जात दुकानाचे व्यवस्थापक उभे होते आणि कामाच्या वेळी घरचं माणूस आलेलं त्यांना चालत नसे. आई पुढे झाली, मान किंचित झुकवली आणि म्हणाली, "काय दाखवू आपल्याला?" आपल्याला! जिला घरी 'अगं ए भवाने' याशिवाय हाक नव्हती तिला! तिला हसू येणार होतं, पण आईचे डोळे इतके गंभीर होते की ती पण सरसावली आणि म्हणाली, "पडदे दाखवा. मोठ्या खिडकीचे." आईने मग खरोखर ठाणं उलगडली. मखमल, जाळीदार, फुलांचं, पट्ट्यापट्ट्यांचं. एकेका ठाणाची तारीफ केली, "हे उन्हाला दाद देत नाही", "हे धुतल्यावर आणखी मऊ पडतं", आणि ती काउंटरशी टाचा उंच करून उभी राहून, ओठ मुडपून, "अजून दाखवा" म्हणत राहिली. तिला भीतीही वाटत होती. ही बाई आपली आई आहे ना, मग ती आत कुठे गेली? आणि त्या भीतीतच कुठेतरी छाती भरून आली होती: ही एवढी रुबाबदार बाई आपली आई आहे. संध्याकाळी आई घरी आली, बाही दुमडलेला जुना झगा घालून पिठात हात घालून बसली, आणि म्हणाली, "काय गं ए, एवढी ठाणं उलगडायला लावलीस, घड्या घालायला काय तुझा बाप येणार होता?" तेव्हा दोघीही पोट धरून हसल्या. आईच्या गळ्यात मापाची टेप तशीच होती. दुकानातले सगळे कपडे दुकानात राहत, टेप मात्र ती रोज विसरून घरी आणत असे. त्याच टेपने ती घरच्या खिडक्या मापी, शेजाऱ्यांच्या खिडक्या मापी, आणि टेपचं एक टोक नेहमी लेकीच्या हातात देई. "टोक धर. घट्ट. सैल सोडू नकोस."

तिने जाकीट काढलं. घडी घालून बाईंच्या खुर्चीवर ठेवलं. "नाही होत," म्हणाली. नकाशांची गुंडाळी काखेत घेतली, नमुन्याच्या पाट्या कापडात बांधल्या आणि पँटच्या गुडघ्यावरच्या खिशात हात घालून चाचपून पाहिलं. टेप होती. पोलादी, गुंडाळी होऊन आत जाणारी, आईच्या कापडी टेपसारखी नव्हे, पण होती. मालक जिन्यापर्यंत आले. "फोन ठेव हाताशी. अडलं तर सांग, मी धावत येतो," ते म्हणाले आणि आपल्या अर्ध्या पँटकडे पाहून स्वतःच हसले. खाली गाद्यांच्या दुकानात कापूस पिंजण्याचा आवाज चालला होता. हवेत बारीक तंतू उडत होते, आणि रस्त्यावर येईपर्यंत त्यातले दोनचार तिच्या निळ्या सदऱ्यावर चिकटलेही.

रस्त्याने चालताना तिने एकाही काचेत पाहिलं नाही. पाहायचंच नाही असं ठरवून माणूस चालतो तेव्हा मान कशी अवघडते ते तिला कळत होतं. मनात विश्वस्तांचे चेहरे येऊन बसत होते, एकेक जण खुर्ची सरकवून, आणि तिच्या कोपरावरच्या ठिपक्याकडे बघत. पुसायला हवा होता. थुंकी लावून तिने चालता चालता तो घासला. तेलरंग होता, कसला जातोय. मग तिला आठवलं की तो ठिपका त्याच इस्पितळातल्या ओल्या रंगाच्या भिंतीचा. तिकडे कित्येक महिने ती रोज जात होती, याच कपड्यांत, नमुन्याच्या कागदी पाट्या भिंतींना चिकटवून बघायला. जुन्या आणि नव्या इमारतीच्या सांध्यावर एक तिठा होता, तीन बोळ एकत्र येत. तिथे प्रत्येक माणूस थबके. थबके, हातातल्या कागदाकडे बघे, मग भिंतींकडे, मग माणसांकडे. पांढऱ्या डगल्यातले डॉक्टर झपाझप निघून जात. त्यांना अडवायची कोणाची टाप नव्हती. आणि मग त्या माणसाची नजर तिच्यावर येऊन टेके. "अहो ताई, एक्स-रे कुठे हो?" "ए बाई, ते काचेचं ऑफिस कुठे गेलं?" एक आजोबा तर तिच्या हातात काठी देऊन बुटाची नाडी बांधायला बसले, आणि बांधून झाल्यावर म्हणाले, "चल, ने मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे." ती नेई. प्रत्येकाला नेई आणि परत येऊन नकाशावर खूण करी, हा कुठे अडला, का अडला. तिचे सगळे बाण असे माणसांच्या मागून चालून चालून तयार झाले होते.

आणि मग एक दिवस ती त्याच तिठ्यावरून साहेबांना अंगावर घेऊन गेली, मालकांबरोबर, पहिल्या बैठकीला. माणसं तशीच थबकत होती, तशीच कागदाकडे बघत होती. तिच्यापाशी आली की त्यांची नजर खाली जाई. एक बाई, हातात फाईल, डोळ्यांत रडू आलेलं, अगदी समोर उभी होती. तिने तोंड उघडलं, हिच्या कोटाकडे पाहिलं आणि भिंतीशी सरकून वाट करून दिली. साहेबांना वाट दिली. त्या वेळी ती ऐटीतच पुढे गेली होती. बैठक आटोपून परत येईपर्यंत ती बाई गेलेली होती, आणि तिला कुठे जायचं होतं ते आता कधीच कळणार नव्हतं. त्या संध्याकाळी बाहीतला कच्चा टाका उसवताना सुई बोटात गेली तेवढंच.

इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीबाहेर बसलेल्या बाईंनी तिच्या काखेतली गुंडाळी आणि हातातलं गाठोडं बघून सांगितलं, "सामान त्या कोपऱ्यात ठेवा आणि सही घेऊन जा." "सामान माझंच आहे," ती म्हणाली, "आणि मीही." बाईंनी चष्म्यावरून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाइलाजाने दार उघडलं. आत गालिचा, लांबलचक टेबल, आणि टेबलाच्या टोकाला अध्यक्ष. पिकल्या केसांचे, किरमिजी अस्तराचा गडद राखी कोट घातलेले. असा कोट की बसल्यावरही त्याला सुरकुती पडत नव्हती. त्यांच्या उजव्या हाताला खजिनदार, गोल चेहऱ्याचे, सतत पेनाचं टोपण उघडझाप करणारे. आणखी दोनतीन विश्वस्त. सगळे तिच्या पाठीमागे बघत होते, अजून कोणी आत येतंय का ते. "तुमचे साहेब नाही आले?" अध्यक्षांनी विचारलं. "साहेब बाहेरगावी गेलेत," ती म्हणाली, आणि हे अक्षरशः खरं असल्यामुळे तिला आतून हसण्याची अशी उकळी फुटली की सकाळपासूनचं ओझं एकदम हलकं झालं. "पाट्या मी केल्यात. मीच सांगते."

आणि तिने सांगितलं. सुरुवातीला आवाज दुसऱ्याचा निघत होता, मालकांचा, त्यांच्यासारखे मोठे मोठे शब्द. मग आजोबांची काठी आठवली, डोळ्यांच्या डॉक्टरांपर्यंतचा तो लांबचा बोळ आठवला, आणि आवाज खाली उतरून तिचा झाला. पाट्या साध्या का, अक्षरं एवढी ठसठशीत का, बाण नावाच्या आधी का. तिला स्वतःला ऐकू येत होतं की आपण चांगलं बोलतोय. अध्यक्ष ऐकत होते. खजिनदारांनी टोपण बंद केलं. "बाई, काम मेहनतीचं आहे, वादच नाही. पण फार साधं दिसतं हो. या हॉस्पिटलला एक रुबाब आहे. आमच्या पाटीकडे बघून माणसाला वाटलं पाहिजे, आपण कुठेतरी मोठ्या ठिकाणी आलोय. आणि खालच्या तिठ्यावरची ती भिंत तर आम्ही देणगीदारांच्या नावांसाठी धरलीय. पोलादी. सोनेरी." बोलता बोलता त्यांची नजर तिच्या कोपरावर जाऊन आली. खोलीत सगळ्यांची जाऊन आली. तिने हात मागे घेतला, आणि घेताच स्वतःचा राग आला. मालक असते तर आता हसून म्हणाले असते, बघू, थोडं सोनेरी करू. फोन खिशात होता. कचेरीत सगळे वाट बघत असतील. तिने ठिपक्याचा हात पुन्हा टेबलावर, दिसेल असा ठेवला आणि म्हणाली, "खाली चला. भिंत दाखवते."

खाली तिठ्यावर ती मधोमध उभी राहिली आणि विश्वस्त तिच्या आजूबाजूला. "बघा हं," ती म्हणाली, "लोक इथे थांबतात आणि वाट विचारतात." माणसं आली, थबकली, कागदाकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, आणि हा कोटांचा घोळका बघून बाजूने निघून गेली. कोणीही विचारलं नाही. अजून कोणी आलं, तेही गेलं. खजिनदारांनी घड्याळ पाहिलं. रोज इथे उभी राहिले की माणसं अंगावर येतात आणि आज, नेमकं आज! एक म्हातारी अगदी जवळ आली, तिच्याकडे बघून हसलीसुद्धा, ओळखीचं, आणि मग अध्यक्षांच्या कोटाकडे बघून मागे फिरली. आणि तिला एकदम कळलं. कळलं म्हणजे डोक्यात उजेड वगैरे पडला नाही. फाईलवाली ती बाई भिंतीशी सरकली होती, ती आठवली, एवढंच.

"अध्यक्षसाहेब," ती म्हणाली, "जरा कोट काढता का?"

खजिनदारांच्या हातातून टोपण पडलं. "अहो, काय बोलताय?" पण अध्यक्ष तिच्याकडे बघत राहिले, रागावलेही नव्हते आणि हसलेही नव्हते. "का हो?" त्यांनी विचारलं. "थोडाच वेळ. आणि बाकीच्यांनी तिकडे बाकावर बसायचं. तुम्ही इथे, माझ्या जागेवर." तिला वाटलं, संपलं, आता साहेबांना लाँड्रीत नेण्याचीही गरज नाही, मलाच टांगतील. पण अध्यक्षांनी एकेक बटण काढलं, कोट उतरवला आणि तिच्या हातावर दिला. कोट जड होता आणि उबदार होता, अस्तर पाण्यासारखं मऊ. त्याखाली पांढरा शर्ट. त्याला इस्त्री फक्त कॉलरला आणि पुढच्या पट्टीला केलेली. पाठ आणि बाह्या नुसत्या चुरगळलेल्या. दिसेल तेवढीच इस्त्री. सकाळी एकट्याने घाईघाईत केलेली असावी, आणि ती तिच्या लक्षात आलीय हे त्यांच्याही लक्षात आलं. ते ओशाळून हसले. तिने मान हलवली. ही युक्ती तिच्या घरीही होती. मग ती बाकापाशी जाऊन उभी राहिली, हातावर कोट घेऊन, आणि तो कोट अंगावर घालून पाहावा असं तिला कणभरही वाटलं नाही. याचंच तिला सगळ्यात नवल वाटलं.

चुरगळलेल्या शर्टातले अध्यक्ष तिठ्यावर उभे होते. कडेवर झोपलेलं मूल आणि दातांत फाईल धरलेली एक बाई आली, थबकली, आणि सरळ त्यांच्याकडे वळली. फाईल तोंडातून काढून त्यांच्या हातात दिली. "ही धरा जरा दादा. लहान मुलांचे डॉक्टर कुठे बसतात?" अध्यक्षांनी डावीकडे हात केला. मग उजवीकडे. मग हात खाली घेतला. त्यांची गाडी मागच्या फाटकाशी थांबे आणि लिफ्ट थेट वरच्या गालिच्यावर उघडे. "वरच्या मजल्यावर असावेत," ते म्हणाले. "असावेत?" बाईने त्यांना नीट न्याहाळलं. "माहीत नाही तर वाटेत कशाला उभे राहता हो?" बाकावर कोणीतरी खोकलं. तेवढ्यात मघाची म्हातारी परत आली होती आणि तीही त्यांच्या चुरगळलेल्या बाहीला हात लावून काहीतरी विचारत होती, आणि तिच्यामागे काठीवाला एक गृहस्थ. अध्यक्षांनी माणसांच्या डोक्यांवरून बाकापाशी तिला शोधलं. ज्या नजरेने या जागी सगळे बघतात त्याच नजरेने त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई," त्यांनी विचारलं, "कुठे आहे हो लहान मुलांचं?"

ती पुढे गेली. मुलाच्या आईला समोरच्या बोळाच्या वळणापर्यंत सोडून आली, म्हातारीला रक्त तपासायची खिडकी दाखवली, काठीवाल्या गृहस्थांना खुर्ची मिळवून दिली. याला किती वेळ लागला कोण जाणे. तिची पाठ ताठ होती आणि कुठल्याच कोटाने ती तशी केलेली नव्हती. परत आली तरी अध्यक्ष तिथेच उभे होते, रिकाम्या भिंतीकडे बघत, म्हणजे देणगीदारांच्या भिंतीकडे. "इथेच म्हणत होता ना तुम्ही, पाटी?" ते म्हणाले. "इथेच," ती म्हणाली. खजिनदार काहीतरी बोलायला उठले. "नावं वर लावू," अध्यक्ष त्यांना म्हणाले, "लिफ्टमध्ये. आपणच वाचतो ती." आणि कोटासाठी त्यांनी हात पुढे केला.

तिने कोट लगेच दिला नाही. तो खजिनदारांच्या हातावर टाकला, "हा धरता का जरा?" म्हणून, आणि त्यांनी तो धरला. मग गुडघ्यावरच्या खिशातून टेप काढली, तिचं टोक ओढून अध्यक्षांच्या पुढे केलेल्या हातात दिलं आणि भिंतीच्या दुसऱ्या कडेकडे चालू लागली. मागे पोलादी पट्टी सळसळत उलगडत होती. कडेला पोचल्यावर तिने वळून पाहिलं. पट्टी मधेच झोळ खात होती.

"धरा टोक," ती म्हणाली. "घट्ट. सैल सोडू नका."